सिअॅटल मॅरिनर्स: एकच आकडा, वेगळी वेगळी वर्षं

सिअॅटल मॅरिनर्स या बेसबॉलच्या टीमने १९७७ साली, आपल्या पहिल्याच हंगामात, ६४ सामने जिंकले आणि ९८ हरले. १९९२ सालीही ६४ जिंकले, ९८ हरले. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली, सिअॅटलची एक वेगळीच टीम होती, पायलट्स नावाची. तिने एकच हंगाम खेळून गाशा गुंडाळला. तिचा हिशेब काय? ६४ जिंकले, ९८ हरले.

गणिताच्या बाईला असलं काही दिसलं की ती हातातलं काम सोडते. मी आता निवृत्त आहे, पण खोड तीच. ही टीम माझ्या मागे लावून दिली भाच्याने. धाकट्या बहिणीचा मुलगा, सिअॅटलशेजारी बेलव्ह्यूला नोकरीला आहे. एकदा म्हणाला, "मावशी, तुला आकडे आवडतात ना, मग हे घे," आणि टीमच्या सगळ्या हंगामांचा तक्ता पाठवून दिला. साल, जिंकले, हरले, गटात कितवा नंबर आणि शेवटी प्लेऑफचा रकाना. तो रकाना जवळजवळ रिकामाच. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून तक्ता पाहिला आणि म्हणाले, "इतकी वर्षं तोट्यात कोण चालवतंय बे हे?" ह्यांचं टॉवेलचं युनिट होतं, इथे सोलापुरात, अक्कलकोट रोडला. त्यामुळे कुठलाही तक्ता समोर आला की ते ताळेबंद म्हणूनच वाचतात.

मी मात्र स्कोअररची मुलगी. आमचे अण्णा पार्क मैदानावर क्रिकेटच्या सामन्यांना स्कोअर लिहायचे, आणि त्यांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचं काम माझ्याकडे. मैदानात काय चाललंय याच्यापेक्षा वहीत काय उतरतंय हे मी जास्त पाहिलं. बेसबॉलची धावसंख्या लिहायची पद्धत रुळवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो हेन्री चॅडविक जन्माने इंग्लंडचा आणि क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, हे कळलं तेव्हा मला हा खेळ एकदम नात्यातला वाटायला लागला. मैदानातल्या नऊ जागांना नऊ आकडे. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा) २, शॉर्टस्टॉप ६. वहीत "६-४-३" लिहिलं की चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला आणि दोन गडी कसे बाद झाले, सगळं समजतं. अण्णांना हे फार आवडलं असतं.

तक्ता वाचायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथे हंगाम १६२ सामन्यांचा. मार्चअखेर किंवा एप्रिलला सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज सामना. आयपीएलमध्ये टीमला साखळीचे १४ सामने मिळतात, तिथे लागोपाठ चार हरलं की कोचच्या नोकरीची चर्चा. इथे उत्तमातली उत्तम टीमसुद्धा साठेक सामने हरते आणि अगदी गाळातली टीमसुद्धा साठेक जिंकते. सगळा खेळ मधल्या चाळीसेक सामन्यांचा. अनिर्णित भानगड नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं. आणि तिथे संध्याकाळी सहा चाळीसला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात दहा झालेले असतात. पाण्याचा दिवस असेल तर पहिल्या दोन इनिंग मी टाकीचा कॉक आणि मोबाईल असं करत पाहते.

तर पहिला ६४-९८, पायलट्सचा. एका वर्षात टीमचं दिवाळं वाजलं. १९७० चा हंगाम तोंडावर आलेला, खेळाडूंच्या सामानाचे ट्रक युटा राज्यात वाटेत थांबवून ठेवलेले, कारण सिअॅटलला जायचं की मिलवॉकीला हेच ठरेना. शेवटी टीम मिलवॉकीला विकली गेली आणि ब्रूअर्स या नावाने आजही तिथेच आहे. सिअॅटलवाले गप्प बसले नाहीत. पायलट्स ज्या संघटनेत खेळायची त्या अमेरिकन लीगवरच त्यांनी थेट दावा ठोकला, आणि तडजोडीत १९७७ पासून शहराला नवी टीम मिळाली. म्हणजे मॅरिनर्सचा जन्मच कोर्टकज्ज्यातला. पहिला सामना ६ एप्रिल १९७७, किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या घुमटाखाली. पहिला चेंडू टाकायला दिएगो सेगी, जो १९६९ साली पायलट्सकडूनही खेळला होता. वय ३९. सामना ७-० ने हरले. त्या वर्षी सेगीच्या नावावर शून्य विजय आणि सात पराभव लागले, आणि तो त्याचा शेवटचा हंगाम ठरला. १९६९ आणि १९७७ अशा दोन्ही ६४-९८ मध्ये पिचर म्हणून हजेरी लावणारा हा एकच माणूस. मला त्याच्याबद्दल उगाच माया आहे.

पुढची चौदा-पंधरा वर्षं मी भराभर ओलांडते. १९७८ ला ५६-१०४, तो आजही टीमचा नीचांक. १९८२ ला म्हातारा पिचर गेलॉर्ड पेरी या टीमचा गणवेश घालून कारकिर्दीतला ३०० वा विजय मिळवून गेला. १९८४ आणि १९८५ दोन्ही वर्षं ७४-८८, जणू कॉपीच केली. १९८९ ला एकोणीस वर्षांचा केन ग्रिफी ज्युनियर आला. पुढच्या वर्षी त्याचे वडीलही याच टीममध्ये आले, आणि १४ सप्टेंबर १९९० ला बापाने होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट भिंतीपार) मारला, लगेच पुढच्या बॅटरने, म्हणजे मुलानेही मारला. हे मी चारदा तपासून पाहिलं, खरंच आहे.

१९९१ ला पहिल्यांदा हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं. ८३-७९. पंधरावा हंगाम होता तो. आणि हे ज्या मॅनेजरच्या हाताखाली झालं, त्या जिम लेफेव्हरला हंगाम संपताच काढून टाकलं! पुढच्या वर्षी काय? ६४-९८. शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा सांगितला असता तर अर्धा तास चहा लांबला असता.

पण १९९२ चा ६४-९८ पहिल्यासारखा नाही. तक्त्यात दोन्ही ओळी सारख्या, आतला मजकूर निराळा. १९७७ ला टीमकडे कुणी नव्हतं, १९९२ ला ग्रिफी होता, सहा फूट दहा इंचांचा रँडी जॉन्सन होता, आणि एडगर मार्टिनेझ होता, ज्याने त्या पडेल वर्षात ३४३ च्या सरासरीने अमेरिकन लीगचा फलंदाजीचा मान घेतला. (सरासरी म्हणजे हजारात किती वेळा हिट, असं धरा. हिट म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, आणि बेस म्हणजे धाव पुरी करायला ओळीने पार करायचे चार थांबे, शेवटचा घर. ३०० ला लोक माना डोलावतात.) टीम फ्लोरिडाला जाणार अशी बोलणी चालली होती. ती वाचवली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे हिरोशी यामाउची यांनी. १९९२ ला त्यांच्या पुढाकाराने टीमची मालकी बदलली. कमाल अशी की यामाउची आपल्या टीमचा एकही सामना पाहायला कधी मैदानावर गेले नाहीत. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मालकाने खात्यात उतरू नये, बरोबर केलं त्यांनी."

आता तक्त्यातली माझी सर्वात लाडकी ओळ. १९९५: ७९-६६.

बेरीज करा. १४५. आदल्या वर्षीच्या संपामुळे १९९५ चा हंगाम १४४ सामन्यांचाच ठेवला होता. मग हा एक जास्तीचा कुठून आला? मुलांना घालावं असं कोडं आहे. उत्तर असं की १४४ सामने संपले तेव्हा सिअॅटल आणि कॅलिफोर्निया एंजल्स दोघंही ७८-६६ वर अडकले, आणि गटात पहिलं कोण हे ठरवायला २ ऑक्टोबरला एक जादा सामना खेळवावा लागला.

ते तिथवर आले कसे, हीच मोठी गोष्ट. १९९४ च्या जुलैमध्ये किंगडोमच्या छताच्या जड फरशा खाली खुर्च्यांवर कोसळल्या. प्रेक्षक आत यायच्या आधी, म्हणून कुणी दगावलं नाही. टीम बेघर झाली, परगावी खेळत राहिली, ऑगस्टमध्ये संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे किताबाची अंतिम मालिकाच रद्द. १९९५ च्या मे महिन्यात ग्रिफी झेल घ्यायला भिंतीवर आदळला, मनगट मोडलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सिअॅटल एंजल्सच्या १३ सामने मागे होतं. अशा फरकावर लोक पुढच्या वर्षाचं बोलायला लागतात. तिथून एंजल्स घसरत गेले आणि हे चढत गेले. जादा सामन्यात जॉन्सनने एंजल्सना जागेवरून हलू दिलं नाही, ९-१. त्याचा त्या हंगामाचा हिशेब १८ विजय, २ पराभव.

पुढे पाच सामन्यांची मालिका न्यूयॉर्क यांकीजशी. पहिले दोन न्यूयॉर्कला हरले, दुसरा पंधराव्या इनिंगमध्ये (एरवी सामना नऊ इनिंगचा). घरी येऊन दोन जिंकले. ८ ऑक्टोबरला पाचवा. बरोबरी, जादा इनिंग, एकच दिवस आराम मिळालेला जॉन्सन पुन्हा मैदानात. अकराव्या इनिंगला यांकीज ५-४ ने पुढे गेले. उत्तरात जोई कोराने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने नुसता हळूच ढकलून, पहिला बेस गाठला, ग्रिफीने हिट मारला, आणि एडगरने डावीकडच्या कोपऱ्यात चेंडू पाठवला. कोरा आला, बरोबरी झाली, आणि पहिल्या बेसवरून सुटलेला ग्रिफी तीन बेस पार करून घसरत घरी पोचला. ६-५. मी हा तुकडा यूट्यूबवर पाहते तेव्हा चेंडूकडे बघतच नाही. ग्रिफी दुसरा बेस ओलांडताना मान वर करून बघतो आणि वेग वाढवतो, तेवढंच बघते. निकाल पाठ आहे, तरीसुद्धा.

वर्ल्ड सिरीजला ते पोचले नाहीतच, पुढच्या फेरीत क्लीव्हलँडने ४-२ ने अडवलं. पण त्याच सप्टेंबरात तिथल्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठीचा कर थोडक्या मतांनी फेटाळला होता, आणि ऑक्टोबरमध्ये, हा सगळा प्रकार झाल्यावर, राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन दुसऱ्या मार्गाने पैशाला मंजुरी दिली. नवं मैदान १५ जुलै १९९९ ला सुरू झालं. किंगडोम २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडला. त्याचा व्हिडिओ बघताना मला होटगी रोडची चिमणी आठवते. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा शहरातले निम्मे लोक गच्चीवर होते आणि उरलेले मोबाईलवर. काही सेकंदांत काम तमाम, आणि मग तासभर धूळ.

जाणकार लोक या टीमचा विषय निघाला की २००१ सांगतात. ११६-४६. साहजिक आहे. जॉन्सन १९९८ ला टीम सोडून गेला, ग्रिफी २००० च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीला गेला, आणि त्या हंगामानंतर अॅलेक्स रॉड्रिग्ज २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला गेला. तीन वर्षांत तीन मोठे मोहरे गेले आणि टीम बुडायची ती ११६ जिंकून बसली. १९०६ साली शिकागो कब्जने ११६ जिंकले होते, त्या विक्रमाशी बरोबरी. फक्त कब्जना ते १५२ सामन्यांत जमलं होतं, ही टीप मी पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवली आहे. आणि गंमत म्हणजे ११६ जिंकूनही दोघांना किताब नाही. कब्ज वर्ल्ड सिरीज हरले, सिअॅटल तिथवर पोचलंच नाही, यांकीजने ४-१ ने बाहेर काढलं.

खरं सांगायचं तर मला ११६ चा हंगाम वाचायला कंटाळा येतो. रोज जिंकतायत, काय वाचायचं? त्यातला एकच सामना मी आवडीने वाचते, आणि तो त्यांनी हरलेला आहे. ५ ऑगस्ट २००१, क्लीव्हलँडला, १४-२ अशी आघाडी. तिथून क्लीव्हलँडने १५-१४ ने सामना काढला. स्कोअररने काय हाल काढले असतील त्या दिवशी, वहीत खोडरबर फिरवून फिरवून.

२००२ ला ९३-६९. २००३ ला ९३-६९. दोन्ही वर्षं घरी बसले, कारण त्यांच्याच गटात दुसरे जास्त जिंकत होते. २००३ मध्ये सगळ्या १६२ सामन्यांची सुरुवात पाचच पिचरांनी केली, ना कुणी आजारी, ना कुणी जखमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग २००४. ६३-९९.

या ओळीपाशी मी थांबते. शंभराला एक कमी, गटात शेवटचा नंबर, आणि याच हंगामात इचिरो सुझुकीने २६२ हिट मारले. आधीचा विक्रम जॉर्ज सिस्लरचा, १९२० सालचा, २५७. चौऱ्याऐंशी वर्षं टिकलेला. १ ऑक्टोबर २००४ ला घरच्या मैदानावर टेक्सासविरुद्ध तो मोडला. प्रेक्षकांत सिस्लरच्या घरची मंडळी बसली होती, आणि इचिरो मैदान ओलांडून त्यांच्याशी हात मिळवायला गेला.

आकड्याच्या पोटात शिरलं की आणखी मजा. २६२ पैकी २२५ एकेरी. म्हणजे चेंडू भिंतीपार नाही, माणसांच्या मधून, डोक्यावरून, कधी नुसता ढकलून, आणि मग पळत सुटायचं. जिथे जिंकण्या-हरण्याने काही फरक पडणार नव्हता, तिथे हा गडी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर जीव तोडून पहिला बेस गाठत होता. वर्गातली हुशार मुलं परीक्षेपुरती अभ्यास करतात, त्यांचं कौतुक सगळेच करतात. पेपर रद्द झाल्यावरही वही पूर्ण करणारा मुलगा माझ्या सगळ्या नोकरीत मला फार क्वचित भेटला. २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं इचिरोने दोनशेच्या वर हिट मारले, आणि त्या दहापैकी प्लेऑफ पाहिला एकाच वर्षी. जानेवारी २०२५ मध्ये, आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चालू असताना, भाच्याचा मेसेज आला: इचिरो हॉल ऑफ फेममध्ये, ३९४ पैकी ३९३ मतं. "तो एक कोण असेल गं मावशी?" मी म्हटलं, "प्रत्येक शाळेत एक असतो."

६१-१०१ ही ओळही दोनदा येते. २००८ ला आणि २०१० ला. २००८ चा नुसताच लाजिरवाणा. पगारावर दहा कोटी डॉलरच्या वर खर्च करून शंभर सामने हरणारी ही पहिली टीम. ह्यांनी यावर मोजून एक शब्द उच्चारला, तो इथे नको.

२०१० चा मात्र स्कोअररच्या दृष्टीने सोन्यासारखा. त्या टीमने १६२ सामन्यांत ५१३ धावा केल्या. सामन्याला तीनच्या जरा वर. यात पिचरने काय करायचं? फेलिक्स हर्नांडेझने जवळपास २५० इनिंग टाकल्या, नऊ इनिंगमागे सव्वादोन धावा दिल्या, आणि त्याचा हिशेब लागला १३ विजय, १२ पराभव. कारण आपल्या बाजूने कुणी धावा केल्याच नाहीत तर पिचर कितीही चांगला असो, पराभव त्याच्या नावावर चढतो. पूर्वी असा पिचर मानाच्या यादीत आला नसता, वीस विजय पाहिजेत म्हणायचे. त्या वर्षी मत देणाऱ्या पत्रकारांनी विजयाच्या रकान्यावर बोट ठेवून पुढे वाचलं आणि साय यंग हा पिचरांचा सर्वोच्च पुरस्कार फेलिक्सला दिला. अण्णा सामना संपल्यावर म्हणायचे, सुटलेले झेल स्कोअरबुकात दिसत नाहीत, बॉलरला विचारा. त्यांना हा निकाल पटला असता.

त्याच २०१० च्या २ जूनला, टीममध्ये परत आलेल्या ग्रिफीने निवृत्ती घेतली. समारंभ नाही, भाषण नाही, गाडी काढली आणि फ्लोरिडाच्या घराकडे निघाला. नोव्हेंबरमध्ये डेव्ह नीहाउस गेले. १९७७ च्या त्या पहिल्या ७-० पासून रेडिओवर या टीमचं वर्णन करणारा आवाज. पहिल्या चौदा वर्षांचा पडका काळ लोकांनी सहन केला तो या आवाजामुळे, असं सिअॅटलचे जुने लोक सांगतात, भाच्याच्या ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंनीही त्याला तेच सांगितलं. २०११ ला लागोपाठ १७ सामने हरले. २०१२ च्या १५ ऑगस्टला फेलिक्सने टॅम्पा बेचे सत्तावीसच्या सत्तावीस गडी ओळीने परत पाठवले, एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही, आणि त्याही दिवशी त्याच्या टीमने धाव केली एकच. १-०.

आणि आता ९०-७२. तक्त्यात ही ओळ चार वेळा आहे: १९९७, २०२१, २०२२, २०२५. भाच्याचं आणि माझं भांडण याच चौघांवरून.

१९९७ ला ग्रिफीने ५६ होम रन मारले, टीमने मिळून २६४, तोवर कुठल्याच टीमने एका हंगामात इतके मारले नव्हते. गटात पहिले आले आणि बॉल्टिमोरने ३-१ ने बाहेर काढलं. त्यांच्यासाठी एवढंच.

२०२१ चा आकडा तोच, आणि प्लेऑफ नाही. शेवटच्या दिवसापर्यंत आशा होती, मग तीही गेली. पण धावांचे रकाने बघा. केल्या ६९७, दिल्या ७४८. म्हणजे ५१ धावा कमी करून अठरा सामने जास्त जिंकले! बेसबॉलमध्ये एक सूत्र वापरतात: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, म्हणजे जिंकायला हवं होतं ते प्रमाण. पायथागोरसचं नाव दिलंय त्याला. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे करून पाहिलं, उत्तर आलं साधारण ७५. खरे जिंकले ९०. हे पंधरा आले कुठून? एका धावेने सुटलेले सामने त्यांनी ३३ जिंकले आणि १९ हरले, तिथून. हरायचं तेव्हा भरपूर धावांनी हरायचं आणि जिंकायचं तेव्हा एका धावेने, असा त्यांचा बाणा.

२०२२ ला पुन्हा ९०-७२, आणि २००१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत एवढा लांब दुष्काळ तेव्हा दुसऱ्या कुठल्याच टीमचा चालू नव्हता. ३० सप्टेंबरला ओकलंडशी १-१, शेवटची इनिंग, दोन बाद, कॅल रॅले बदली बॅटर म्हणून आला आणि चेंडू उजव्या बाजूला मैदानाबाहेर. आपल्याकडे नवरात्रातला शनिवार होता. मी भगरीला फोडणी टाकायची सोडून ओरडले, तर ह्यांना वाटलं हात भाजला. (हा रॅले कॅचर आहे, अंगाने भरलेला, आणि त्याचं टोपणनाव शाळेत नोकरी केलेल्या बाईने लिहावं असं नाही.) पुढे टोरांटोविरुद्ध ८-१ ने मागे असताना १०-९ ने सामना काढला, आणि मग ह्यूस्टनने तीन-शून्य केलं. त्यातला शेवटचा घरी, अठरा इनिंगचा. सतरा इनिंग कुणाचीच धाव नाही. १-० ने हरले.

मध्ये २०२३ ला ८८-७४, एका सामन्याने हुकले. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली त्यांच्याच गटातल्या टेक्सासने. टेक्सासचा साखळीतला हिशेब? ९०-७२. हे पाहून मी त्या दिवशी तक्ता मिटूनच ठेवला. २०२४ ला ८५-७७, परत एकाने हुकले.

२०२५ चा ९०-७२ भाच्याचा. २४ सप्टेंबरला रॅलेने साठावा होम रन मारला, त्याच रात्री गट जिंकला, २००१ नंतर पहिल्यांदा. साठ! कॅचरने. जो माणूस सामनाभर उकिडवा बसतो त्याने ग्रिफीचा ५६ चा विक्रम मोडला. डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना पंधरा इनिंग चालला, हॉर्हे पोलांकोच्या हिटवर ३-२ ने जिंकला, आणि भाचा त्या दिवशी मैदानात होता. घसा बसल्यामुळे दोन दिवस फोनवर नुसता हं-हं करत होता. मग टोरांटोशी सात सामन्यांची मालिका. तिथले पहिले दोन जिंकले, घरी येऊन दोन हरले, पाचव्यात युहेनियो सुआरेझने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला. एक विजय पाहिजे. १९७७ पासून वर्ल्ड सिरीजला एकदाही न पोचलेली ही एकच टीम उरली आहे, आणि एकच विजय पाहिजे.

सहावा हरले. सातवा आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे. सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे. जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला आणि ४-३. तिथेच संपलं.

भाचा म्हणतो, टीमचा सगळ्यात मोठा हंगाम हाच, इतक्या जवळ कुणी गेलंच नव्हतं. मी म्हणते, चार ९०-७२ मधला मोठा २०२१ चा, कारण बाकीचे तीन त्यांनी खेळून मिळवले आणि तो गणिताच्या विरोधात जाऊन. "मावशी, तू रकाने बघतेस," तो म्हणाला, "मी पंधरा इनिंग उभा होतो." मी म्हटलं, बरोबर आहे रे, पण मग ५१ धावांचं काय करायचं ते सांग. त्याने अजून सांगितलेलं नाही. ह्यांना दोघांचंही पटत नाही. त्यांचं मत १९९५ ला आहे, कारण त्या एकाच वर्षी टीमने इमारत उभी केली.